मे महिन्यात पोर्तुगाल, माणसं सहा, घरात दोन तट: ट्रेन की भाड्याची गाडी?

फोंडेकरीण (फोंडा)

नमस्कार मंडळी,

मेच्या सुट्टीत पोर्तुगालला जायचं नक्की झालंय. विमान दुबईमार्गे, लिस्बनला उतरायचं आणि लिस्बनहूनच परत. माणसं सहा: आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा, सासूबाई आणि सासरे. सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, शिवाय सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी).

बघायचंय ते असं: लिस्बन, सिंत्रा, पोर्तो, दोरो नदीचं खोरं, एव्होरा. आणि पोरांना समुद्र हवाय. गोव्याहून एवढे पैसे घालून समुद्र बघायला जायचं, पण त्यांना सांगणार कोण!

आता खरा वाद. ह्यांचं म्हणणं, विमानतळावरच मोठी गाडी घेऊ आणि शेवटच्या दिवशी तिथेच परत करू. बॅगा ओढायला नकोत, वेळापत्रक नको, वाटेल तिथे थांबू. सासऱ्यांचं म्हणणं ट्रेन. कारण विचारलं तर सांगत नाहीत, नुसतं "आगगाडयेन वचूंया" म्हणतात आणि वर्तमानपत्र उघडतात. मी मध्ये. ट्रेनची सहा तिकिटं म्हणजे फार होतील असं वाटतं, पण गाडीचे छुपे खर्चही ऐकून आहे. शिवाय तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवायची आणि चालवणारे एकटे हेच. मी फोंडा-पणजीच्या पलीकडे गाडी नेत नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी जरा खुलून लिहा. "तुमच्या आवडीवर आहे" असं कृपया लिहू नका. आवडी इथे सहा आहेत.

गिअरबॉक्स (म्हापसा)

गाडी. दुसरा विचारसुद्धा करू नका.

सहा माणसं म्हटल्यावर ट्रेनचा हिशेब कोलमडतोच. दर वेळी सहा तिकिटं, स्टेशनपर्यंत दोन टॅक्सी, उतरल्यावर परत दोन टॅक्सी. म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन प्लॅटफॉर्म शोधत धावायचं? आणि पोर्तुगाल खरा कळतो तो आडवाटेला. मोंसाराझसारखं डोंगरावरचं तटबंदीचं गाव, सेर्रा दा इश्त्रेलाचे डोंगर, पेनेदा-जेरेशचं जंगल, इथे ट्रेन जातच नाही. व्हिझेऊ तर चांगलं मोठं शहर, तिथेही रेल्वे नाही. रस्ते इतके सुंदर आहेत की आपल्याकडच्या हायवेवर परत आल्यावर रडू येतं.

हायवेला वेगमर्यादा १२०, गावाबाहेर ९०, गावात ५०. उजवीकडून चालवणं अर्ध्या दिवसात जमतं. सुरुवातीला वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतो, कारण दांड्या उलट्या बाजूला असतात. पाऊस नसताना काच पुसणारी गाडी दिसली की ओळखायचं, आपला माणूस.

आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना) मात्र निघायच्या आधी काढून घ्या. आरटीओत १००० रुपये फी, वर्षभर चालतो. मूळ लायसन्स बरोबर हवंच, नुसत्या परमिटावर गाडी देत नाहीत.

काजूबोंड (साखळी)

खारे काजू घेऊन बसलोय. रेल्वेवेडा, कुठे आहात?

रेल्वेवेडा (मडगाव)

आलो.

आधी हिशेबाचं बघू, कारण गिअरबॉक्स यांनी सहा तिकिटं म्हणून घाबरवलंय. पोर्तुगालच्या रेल्वेत ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट, पासपोर्ट दाखवला की झालं, परदेशी असलात तरी. ४ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे वहिनी, तुमची सहा तिकिटं प्रत्यक्षात चार. लिस्बन-पोर्तो आल्फा पेंदुलार या वेगवान गाडीचं दुसऱ्या वर्गाचं पूर्ण तिकीट साधारण तीस-पस्तीस युरो. चारांचे झाले एकशे वीस ते एकशे चाळीस. आधी काढली तर सवलतीची तिकिटं त्याहून बरीच स्वस्त मिळतात.

आता तोच प्रवास गाडीने. तीनशेवर किलोमीटर. टोल पंचवीस युरोंच्या आसपास. पेट्रोल लिटरला पावणेदोन युरो धरा, मोठ्या गाडीला पंचवीसेक लिटर लागतंच. म्हणजे सत्तर युरो रस्त्यावरच गेले. गाडीचं दिवसाचं भाडं वेगळं, पोर्तोत रात्रीचं पार्किंग वेगळं, विमा वेगळा, मुलाची सीट वेगळी. (१२ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिथे वेगळी सीट कायद्यानेच लागते. मुलीची उंचीही मोजून ठेवा.) वेळ दोन्हीकडे तेवढाच, तीन तास. फरक एवढाच की ट्रेनमध्ये तुमचे हे खिडकीतून बाहेर बघतील, आणि गाडीत ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे.

आल्फा पेंदुलार ताशी २२० पर्यंत जाते आणि वळणावर डबा आत झुकतो. मुलांना हे आधी सांगू नका, आपोआप कळू दे.

अवांतर, पण राहवत नाही म्हणून: आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर आणि स्पेन-पोर्तुगालचं १६६८. फक्त ८ मिलिमीटरचा फरक! बाकी बहुतेक युरोप १४३५ वर. स्पेन-पोर्तुगालचे जुने डबे पुढे चिली-अर्जेंटिनात गेले, तिथेही १६७६ आहे. मडगाव स्टेशनवर उभं राहून हे आठवलं की मला उगाच बरं वाटतं.

तिसवाडीकर (पणजी)

मला गंमत वेगळीच वाटते. वर्षभर आपण इथे रेंट-अ-कॅबवाल्यांना शिव्या घालतो. पणजीच्या गल्लीत उलटे घुसतात, पुलावर गाडी थांबवून फोटो काढतात, फोन हातात धरून रस्ता शोधतात. आणि परदेशी गेलो की आपण नेमके तेच होतो. लिस्बनच्या आल्फामात, म्हणजे जुन्या गल्लीबोळांत, गाडी घेऊन शिरलेला पर्यटक आणि पणजीच्या फोंतांइन्यशमध्ये अडकलेला पर्यटक यांत कणाचा फरक नाही. तिथलेही मनातल्या मनात आपल्याला तेच म्हणत असणार, फक्त पोर्तुगीजमध्ये.

गिअरबॉक्स (म्हापसा)

@तिसवाडीकर, आल्फामात गाडी घाला असं मी कुठे म्हटलं? शहरात गाडी हॉटेलवर लावून ठेवायची.

@रेल्वेवेडा, गाडी काय फक्त लिस्बन-पोर्तोसाठी घेतात? आठवड्याचं भाडं घेतलं की दिवसाला स्वस्त पडतं. आणि स्टेशनपर्यंतच्या टॅक्सी तुम्ही सोयीस्कर विसरलात.

लिस्बनचो गोंयकार (लिस्बन, मूळ काणकोण)

दोघेही थोडे थोडे बरोबर आहात, आणि दोघेही वहिनींना पूर्ण चित्र देत नाही आहात. मी इथे राहतो, गाडी आहे, ट्रेननेही फिरतो. जरा सविस्तर लिहितो.

लिस्बनमध्ये गाडी म्हणजे निव्वळ डोकेदुखी. विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन थेट विमानतळातून निघते आणि तिसरं स्टेशन ओरिएंत. पोर्तोची ट्रेन तिथूनच मिळते. म्हणजे गिअरबॉक्स यांची टॅक्सी लागत नाही. (हे ओरिएंत स्टेशन १९९८ च्या एक्स्पोसाठी कालात्राव्हा या वास्तुकाराने बांधलं. दिसायला अप्रतिम, पण वर प्लॅटफॉर्मवर वारा असा घुसतो की मे महिन्यातही सासूबाईंच्या अंगावर शाल हवी.) शहराच्या जुन्या भागात गाड्यांवर निर्बंध आहेत, पार्किंग महाग आणि मिळत नाही. गाडी हॉटेलवर लावून ठेवायची तर ती न वापरता रोज पैसे भरत राहायचं. ती कसली मोकळीक?

सिंत्राला तर गाडी अजिबात नको. जुन्या गावात खासगी गाड्यांना जवळपास मज्जावच आहे. रोसियो स्टेशनवरून ट्रेन, चाळीस मिनिटं, वर पेना राजवाड्याला ४३४ नंबरची बस. सकाळी लवकर जा, दुपारी त्या बसच्या रांगेत म्हातारी माणसं उभी राहू शकत नाहीत. मेट्रो आणि लोकलसाठी नाव्हेगांत कार्ड घ्यायचं, पण एका कार्डावर सहा जण चालत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं लागतं.

मुलांचा समुद्रही ट्रेनवरच आहे. काइश दू सोद्रे स्टेशनवरून कश्काइशची गाडी धरा, डाव्या हाताला बसा. आधी तेजो नदी, मग बघता बघता नदीचा समुद्र होतो. कार्काव्हेलुशला उतरून किनारा चालत जाण्याइतका जवळ. पण मुलांना सांगून ठेवा: मे महिन्यात अटलांटिकचं पाणी सोळा-सतरा अंशांवर असतं. मिरामारला डुंबणारी गोंयची पोरं इथे घोट्यापर्यंत जाऊन किंचाळत परत येतात.

आता ट्रेनची दुसरी बाजू, जी रेल्वेवेडा लिहिणार नाहीत. संप! इथे रेल्वेचे संप नेमाने होतात. प्रादेशिक गाड्या जुन्या आहेत, चढायच्या पायऱ्या उंच, सासूबाईंना हात द्यावा लागेल. बॅगा डब्याच्या टोकाला रॅकवर स्वतःच उचलून ठेवायच्या, हमाल नाहीत. आणि स्टेशनच्या नावावर जाऊ नका. कोणी फातिमाच्या तीर्थक्षेत्राला जायचं म्हणून फातिमा स्टेशनचं तिकीट काढतं आणि देऊळ तिथून वीसेक किलोमीटर लांब निघतं. दक्षिणेकडे आल्गार्व्हला आल्बुफैराचंही तसंच, स्टेशन गावाबाहेर. अशा ठिकाणी बस बरी.

हो, १३ मेच्या आसपास फातिमाची मोठी यात्रा असते. त्या दिवसांत त्या बाजूला राहायची जागा शोधू नका.

मांडवी (पर्वरी)

@लिस्बनचो गोंयकार, वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या वर्षी.

पेडण्याचो पावणो (पेडणे)

गाडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कोणी लिहिल्या नाहीत म्हणून.

एक, क्रेडिट कार्ड. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं, आणि खरं क्रेडिट कार्ड, डेबिट बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्यावर हजार-दीड हजार युरो किंवा त्याहून जास्त अडकवून ठेवतात. म्हणजे लाख-दीड लाख रुपयांची मर्यादा तेवढ्यासाठी बाजूला गेली. मग हॉटेलचं बिल कुठून भरणार? आमच्या ओळखीच्यांची गाडी काउंटरवरच अडली होती.

दोन, फोटो आणि व्हिडिओ. घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, काच, छप्पर, पेट्रोलचा काटा, सगळ्याचा व्हिडिओ काढा, परत देतानाही काढा. आम्हाला एका कंपनीने (नाव लिहीत नाही) परत आल्यावर महिन्याने रिमवरच्या ओरखड्याचं बिल पाठवलं. व्हिडिओ पाठवला तेव्हा निमूट मागे घेतलं. काउंटरवर विमा गळ्यात मारतात तोही नीट वाचा. "पूर्ण विमा" म्हणतात, पण पहिल्या अमुक हजारांचं नुकसान तुमचंच, असं आत बारीक अक्षरात असतं. ती रक्कम शून्य करायची तर दिवसाचे पैसे आणखी वाढतात.

आणि पंपावर हिरवी नळी, काळी नळी असं बघू नका. गासोलीना म्हणजे पेट्रोल, गासोलेव म्हणजे डिझेल. दोन्ही "गासो"ने सुरू होतात, घाईत घोटाळा ठरलेला. झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचून मगच भरा.

डिचोलीचे आजोबा (डिचोली)

उजवी-डावीची चर्चा वाचून एक जुनी गोष्ट सांगतो. पोर्तुगालमध्येही पूर्वी डावीकडूनच वाहतूक होती. १९२८ साली त्यांनी उजवी बाजू धरली. वसाहतींनाही लावली, पण ज्यांचे शेजारी डावीकडून चालत होते त्यांना वगळलं: गोवा, मकाव, मोझांबिक. आपल्या तिन्ही बाजूंना ब्रिटिश अंमल. पत्रादेवीच्या सीमेवर प्रत्येक बैलगाडीने बाजू बदलायची म्हटलं तर काय झालं असतं!

तेव्हा सूनबाई, तुमच्या ह्यांना सांगा, अडचण झाली तर दोष १९२८ ला द्या.

काजूबोंड (साखळी)

आजोबा, __/\__

भाटकारीण (केपे)

आम्ही स्वित्झर्लंडला स्विस ट्रॅव्हल पासवर फिरलो, ट्रेन, बस, बोट सगळं त्यात, आणि आईवडिलांबरोबर १६ वर्षांखालची मुलं फुकट. गाडीचा विचारही केला नाही. पोर्तुगालमध्ये असा पास नाही का?

रेल्वेवेडा (मडगाव)

@भाटकारीण, स्वित्झर्लंडशी तुलना नको. तिथे शेवटच्या खेड्यापर्यंत पिवळी बस ट्रेनची वाट बघत उभी असते. पोर्तुगालची रेल्वे म्हणजे किनाऱ्याला समांतर एक कणा, बाकी फांद्या विरळ. पासाच्या नादी लागू नका, सुटी तिकिटं आधी काढलेली बरी. आल्फा आणि इंतरसिदादिश (लांब पल्ल्याच्या) गाड्यांना आरक्षण लागतं, प्रादेशिक गाड्यांना जागा राखीव नसते, लवकर जाऊन बसायचं.

पण त्या विरळ फांद्यांतलीच एक जगात भारी आहे: दोरोची लाइन. पोर्तोच्या सांव बेंतो स्टेशनवर आधी अर्धा तास नुसते उभे राहा. १९१६ चं स्टेशन, भिंतींवर जॉर्जे कोलासोची वीसेक हजार निळी आझुलेजं (चित्रं रंगवलेल्या फरश्या). पणजीत घराच्या नावाची एक पाटी बघून आपण खूश होतो, इथे लढाया, लग्नं, द्राक्षांची तोडणी, सगळं भिंतभर. मग गाडी धरून रेग्वा, पिन्याव. जाताना उजव्या हाताची खिडकी. अर्ध्या वाटेनंतर रूळ नदीला जे चिकटतात ते सोडतच नाहीत. पलीकडे द्राक्षांचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे. पिन्याव स्टेशनवर पुन्हा आझुलेजं, त्यात द्राक्षतोडणीची चित्रं. पोर्तोहून अडीच तास लागतात.

पोर्तोला आल्फा पेंदुलार कांपान्यां स्टेशनवर थांबते, सांव बेंतोला जात नाही. त्याच तिकिटावर लोकलने पाच मिनिटांत सांव बेंतो.

गिअरबॉक्स (म्हापसा)

आणि त्याच नदीच्या पलीकडच्या काठाने एन २२२ हा रस्ता जातो, रेग्वा ते पिन्याव. गाडी चालवणाऱ्यांची पंढरी. ट्रेनमधून तो तुम्हाला लांबून दिसेल. वाइनचे मळे वर डोंगरावर असतात, स्टेशनवर नसतात. पिन्यावला उतरून वर कसे जाणार? टॅक्सी मोजक्या. दोरोला तरी गाडी हवीच, इथे मी मागे हटणार नाही.

फोंडेकरीण (फोंडा)

केवढी माहिती! सगळ्यांचे आभार, ह्यांना रात्री मोठ्याने वाचून दाखवतेय.

@गिअरबॉक्स, त्या एन २२२ रस्त्याला वळणं किती? सासूबाईंना चोर्ला घाटात लागतं. बेळगावला जायचं तर आम्ही सुर्लाजवळ एकदा थांबतोच, लिंबू हुंगायला.

गिअरबॉक्स (म्हापसा)

...वळणं आहेत. वळणांसाठीच लोक जातात तिथे.

तिसवाडीकर (पणजी)

=)) इथे गाडीपक्षाची एक विकेट गेली.

आणि गिअरबॉक्स, वाइनच्या मळ्यात जो गाडी चालवणार त्याने काय नुसती द्राक्षं बघायची? तिथे रक्तात अर्धा ग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा आहे. पोर्ट वाइन म्हणजे साधी वाइन नव्हे, ब्रँडी घालून केलेली, वीस टक्क्यांच्या आसपास. दोन मळ्यांत चव घेतली की संपलं. आणि परदेशी माणसाकडून दंड जागेवर वसूल करतात, पत्ता लिहून घेऊन सोडत नाहीत.

लिस्बनचो गोंयकार (लिस्बन, मूळ काणकोण)

चोर्ल्यात लागत असेल तर दोरो ट्रेननेच करा. पिन्यावच्या धक्क्यावरून नदीतल्या होड्या निघतात, तास-दोन तासांच्या. मळेही खालून दिसतात तेवढे पुरे. ज्याला चव घ्यायची त्याने गावातच, नाहीतर पोर्तोत नदीपलीकडे गायामध्ये. तिथे वाइनच्या सगळ्या मोठ्या कोठारांची रांग आहे.

पण मी गाडीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. माझं मत असं की गाडी हवी ती आलेंतेजोत, म्हणजे एव्होरा आणि त्याच्या पूर्वेला. कारणं सांगतो.

पहिलं, तिथे ट्रेन नावालाच. लिस्बनहून एव्होराला दीड तासात जाते, दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि त्यापुढे मोंसाराझ, आल्केव्हा, मार्व्हांव हे काहीच ट्रेनवर नाही.

दुसरं, रस्ते. सपाट, सरळ, रिकामे. दोन्ही बाजूंना कॉर्कची (बाटलीच्या बुचाची) झाडं. बुंध्याची साल काढलेली, त्यावर साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगात लिहिलेला. साल नऊ वर्षांनी पुन्हा निघते, त्यासाठी ती खूण. मुलांना आकडे ओळखायचा खेळ लावा. पहिल्यांदा उजवीकडून चालवणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही. लिस्बन विमानतळावर रात्रीच्या विमानप्रवासाने थकलेल्या माणसाने गाडी घ्यायची, आणि पहिल्याच चौकात पाच लेनच्या वर्तुळात शिरायचं, हे मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही. वर्तुळात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि लगेच पहिल्या फाट्याला बाहेर पडायचं नसेल तर बाहेरची लेन धरायची नाही, असा २०१४ पासून नियम आहे. पणजीच्या दिवजा सर्कलच्या सवयीने गेलात तर दंड.

तिसरं, सामान. हा मुद्दा अजून कोणीच काढला नाही. सात सीटची गाडी म्हणतात, पण तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यासुद्धा मुश्किलीने राहतात. सहा माणसं आणि सहा बॅगा म्हणजे नऊ सीटची व्हॅन. ती ऑटोमॅटिक शोधायची तर आणखी कठीण. इथे गाड्या मुळात गिअरच्या, ऑटोमॅटिकला जास्त पैसे. तुमच्या ह्यांनी उजव्या हाताने गिअर टाकत ती व्हॅन पोर्तोच्या गल्लीत घालायची?

यावर उपाय आहे. एव्होराला ट्रेनने या, बॅगा हॉटेलात टाका, तिथे सात सीटची गाडी घ्या आणि रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सामान गाडीत नाहीच. पर्यटनस्थळी काच फोडून बॅग नेण्याचे प्रकार होतात, तीही धास्ती नाही. लहान गावातल्या भाड्याच्या कार्यालयांच्या वेळा कमी असतात, शनिवार दुपार आणि रविवार विचारून घ्या. गाड्याही मोजक्या, म्हणून सात सीटची आधीच राखून ठेवा.

पेडण्याचो पावणो (पेडणे)

सामानाचा मुद्दा लाखमोलाचा. आम्ही चौघं होतो तरी एक बॅग मुलांच्या पायाखाली.

मांडवी (पर्वरी)

टोलचं कसं? कोणीतरी सांगितलं की तिथे नाके नसतात, कॅमेरा फोटो काढतो आणि मग घरी बिल येतं.

लिस्बनचो गोंयकार (लिस्बन, मूळ काणकोण)

ते काही विशिष्ट रस्त्यांवर होतं. आल्गार्व्हचा ए २२, आतला ए २३, ए २४, ए २५ वगैरे. पर्यटकांचा त्यात फार गोंधळ व्हायचा. १ जानेवारी २०२५ पासून त्या रस्त्यांवरचा टोलच रद्द झाला. बाकी हायवेवर नेहमीचे नाके आहेत: तिकीट घ्या, उतरताना कार्डाने भरा. हिरव्या व्हीची लेन दिसली तर तुमच्या गाडीत व्हिया व्हेर्देचं (आपोआप टोल भरणारं) यंत्र असल्याशिवाय तिथे जायचं नाही. यंत्र गाडीवाले देतात, दिवसाचे थोडे पैसे लावतात. तेजोवरच्या २५ एप्रिल पुलाला टोल फक्त लिस्बनमध्ये शिरताना, बाहेर जाताना नाही. एव्होराभोवती फिरायला यातलं काही लागत नाही, साध्या रस्त्यांनी जा.

भाटकारीण (केपे)

मग सोमवार-गुरुवारचं काय करणार वहिनी? तिकडच्या काल्दो व्हेर्दे सूपमध्येसुद्धा शोरिसाचा (डुकराच्या सॉसेजचा) तुकडा टाकतात म्हणे.

फोंडेकरीण (फोंडा)

@भाटकारीण, स्वयंपाकघर असलेलं घर घेतेय. मूगडाळ, तिखट आणि सोलं बॅगेत. बाकी त्या लोकांकडे भाजी, पाव, भात, सगळंच आहे.

आता घरची बातमी. काल जेवताना लिस्बनच्या भाऊंचा प्रतिसाद पूर्ण वाचला. सामानाच्या मुद्द्यावर हे गप्प झाले. उठून गॅलरीत जाऊन आपल्या गाडीची तिसरी रांग उघडून बघून आले, आणि काही बोलले नाहीत.

मग सासऱ्यांनी तोंड उघडलं. मुक्तीच्या आधी त्यांनी प्रिमेर ग्रॉची (पोर्तुगीज प्राथमिक शाळेची) परीक्षा दिली होती, पोर्तुगीज त्यांना अजून येतं. पण घरात बोलायला कोणी नाही. रेडिओ ऐकतात, जुनी पुस्तकं वाचतात. म्हणाले, "गाडीत मी कोणाशी बोलणार? तुमच्याशी रोज बोलतोच." त्यांना डब्यात समोर बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचंय. इतके दिवस सांगायला लाजत होते.

त्यामुळे ठरलं ते असं. लिस्बनला मेट्रोजवळ घर, सिंत्रा आणि समुद्र लोकलने. मग आल्फाने पोर्तो. तिथून एक दिवस पिन्याव, जाऊन-येऊन. परत लिस्बनमार्गे ट्रेननेच एव्होरा, तिथे तीन दिवस सात सीटची ऑटोमॅटिक गाडी. हे त्यावर खूश आहेत, कारण ते तीन दिवस कुठे जायचं हे त्यांनी एकट्याने ठरवायचं असं कबूल करून घेतलंय. आयडीपीचा अर्जही भरला. विमानाच्या आदल्या दिवशी लिस्बनला परत.

काही चुकत असेल तर आत्ताच सांगा, तिकिटं काढायला बसतेय.

रेल्वेवेडा (मडगाव)

बेत झकास. फक्त पोर्तो ते एव्होरा एका दिवसात करताना लिस्बनला गाडी बदलायला दीड-दोन तास हातात ठेवा. एव्होराची पुढची गाडी लगेच नसते. ओरिएंतलाच बदला, पार सांता आपोलोनियापर्यंत जाऊ नका, एव्होराची गाडी तिथून सुटत नाही.

सासऱ्यांना आल्फापेक्षा दोरोच्या गाडीत जास्त गप्पा मिळतील. आल्फात सगळे लॅपटॉप उघडून बसतात. रेग्वाच्या पुढे बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका चढतात.

गिअरबॉक्स (म्हापसा)

हरलो असं म्हणणार नाही, तीन दिवस मिळाले. साहेबांना सांगा, मोंसाराझला संध्याकाळी पोहोचा, खाली आल्केव्हा धरणाचं पाणी दूरवर दिसतं. आणि गाडी गावाच्या वेशीबाहेरच लावायची, आत नेता येत नाही. इथे तरी तिसवाडीकरांना आनंद होईल.

लिस्बनचो गोंयकार (लिस्बन, मूळ काणकोण)

तिकिटं काढा. निघायच्या आठवडाभर आधी संपाची सूचना आहे का ते रेल्वेच्या साइटवर बघा, आधी जाहीर करतात. गाडी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. तसं झालंच तर लिस्बनच्या सेत रियुश स्थानकावरून पोर्तो आणि एव्होरा, दोन्हीकडे भरपूर बस आहेत. पण त्या दिवशी सगळेच तिकडे धावतात, म्हणून सूचना दिसल्या दिसल्या सहा सीट धरून टाका.

सासऱ्यांना माझा निरोप द्या. लिस्बनला आलात की एक संध्याकाळ आमच्याकडे.